फाइलींनाही हवी रोजनिशी

आपल्या शाळेच्या संगणकावरील परीक्षेचा फोल्डर उघडून पाहा. त्यात 'सहामाही प्रश्नपत्रिका' नावाची एक फाइल असेल. तिच्याशेजारी 'सहामाही प्रश्नपत्रिका नवी', तिच्याखाली 'सहामाही अंतिम', त्याखाली 'सहामाही अंतिम दुरुस्त' आणि बहुधा 'सहामाही खरी अंतिम' हीही असेल. यांपैकी छापायला कोणती गेली हे परीक्षेच्या आठवड्यात सर्वांना ठाऊक असते. पुढच्या वर्षी ते कोणालाच आठवत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतील संगणकही याला अपवाद नव्हते. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत असा घोळ झाला तर फार तर एखादा तास वाया जातो. संशोधनात मात्र त्याची किंमत बरीच जास्त पडते. ती आम्हाला कशी मोजावी लागली, हे आधी सांगतो.

मुलांच्या नोंदी कुठे गेल्या?

काही वर्षांपूर्वी आम्ही काळ्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील एका गावात भूजलाचा अभ्यास करत होतो. गावातील बावीस विहिरींमधील पाण्याची पातळी दर पंधरवड्याला मोजायची होती. हे काम गावच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांनी अंगावर घेतले. मोजपट्टीच्या टोकाला वजन बांधून ती विहिरीत सोडायची, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर वाचायचे आणि तारीख घालून वहीत लिहायचे. विहिरीत पाणी नसेल तर 'कोरडी' असे लिहायचे. दोन वर्षे मुलांनी हे काम नेटाने केले. वहीतील आकडे आम्ही संगणकात भरत असू आणि एका छोट्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने त्यांची सरासरी काढून आलेख तयार करत असू.

हा आलेख गावात दाखवला, तेव्हा शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी विचारले, "सर, एप्रिलमध्ये तर कितीतरी विहिरी कोरड्या पडल्या होत्या. मग आलेखात पाणी वर आल्यासारखे का दिसते? मुलांनी 'कोरडी' म्हणून लिहिलेल्या नोंदी कुठे गेल्या?"

प्रश्न बिनतोड होता. तो समजण्यासाठी तीनच विहिरींचे एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, प्रत्येक विहीर १२ मीटर खोल आहे. फेब्रुवारीत काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर अनुक्रमे ६, ८ आणि ११ मीटर होते. सरासरी आली ८.३३ मीटर. एप्रिलमध्ये पहिल्या दोन विहिरींत ते ७ आणि ९ मीटर झाले आणि तिसरी विहीर आटली. आता 'कोरडी' ही नोंद आकडा नाही म्हणून प्रोग्रॅमने गाळली, तर उरलेल्या दोन विहिरींची सरासरी येते ८ मीटर. म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाणी वर आले! तिसऱ्या विहिरीतील पाणी निदान तळाइतके, म्हणजे १२ मीटर, खाली गेले आहे असे धरले, तर सरासरी येते ९.३३ मीटर. एकाच गावाच्या त्याच नोंदी. परंतु प्रोग्रॅममधील एका ओळीने टंचाई लपते किंवा दिसते.

आमच्या प्रोग्रॅममध्ये ही ओळ दोन-तीनदा बदलली गेली होती. कोणी बदलली, कधी बदलली आणि आलेख काढताना ती कोणत्या रूपात होती, हे सांगता येईना. फोल्डरमध्ये प्रोग्रॅमच्या अकरा नकला होत्या आणि आकड्यांच्या चार फाइली होत्या. म्हणजे एकूण चव्वेचाळीस जोड्या. आम्ही सगळ्या चालवून पाहिल्या. गावात दाखवलेला आलेख त्यांपैकी एकीतूनही हुबेहूब आला नाही. ज्या रूपातून तो आला होता, त्यावर नंतर कोणीतरी नवी दुरुस्ती 'सेव्ह' केलेली होती. फाइलींवरील तारखांचाही उपयोग झाला नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना बऱ्याच फाइलींवर नकलेचीच तारीख पडली होती.

शेवटी तो आलेख आम्ही शोधनिबंधाच्या मसुद्यातून काढून टाकला. मुलांच्या वह्या पुन्हा मागवल्या आणि सगळे आकडे पहिल्यापासून भरले. वह्यांमध्ये 'कोरडी' हा शब्द तारखेसह जागच्या जागी होता.

वहीचे नियम

प्रयोगवही कशी लिहावी, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. पानांना क्रमांक घालावेत. पान फाडू नये. चूक झाली तर खोडरबर न वापरता एक आडवी रेघ मारावी, म्हणजे आधीचे वाचता येते. तारीख घालावी आणि बदल का केला ते शेजारी लिहावे. संगणकावर काम करताना मात्र आपण नेमके याच्या उलट वागतो. फाइल 'सेव्ह' केली की जुने रूप पुसले जाते. ते पुसले जाऊ नये म्हणून आपण नकला करतो. पण नकलेवर ती कशाची नक्कल आहे आणि का केली, हे लिहिलेले नसते.

हा प्रश्न संगणकापेक्षा खूप जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींमध्ये नकलाकारांच्या हातून पाठभेद शिरत गेले. एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. संपादकांना लिपीनुसार आणि प्रदेशानुसार हस्तलिखितांचे गट पाडून, कोणती प्रत कोणत्या परंपरेतील याचा वंशवृक्ष अंदाजाने मांडावा लागला. प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या प्रतीवरून केली आणि कुठे काय बदलले याची नोंद असती, तर या कामाचा केवढा तरी भाग वाचला असता.

संगणकातील फाइलींच्या बाबतीत अशी नोंद आपोआप ठेवता येते. हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमना आवृत्ती-नियंत्रणाचे प्रोग्रॅम म्हणतात.

फरक कसा शोधतात?

या सर्व प्रोग्रॅमच्या मुळाशी एक गणिती प्रश्न आहे. दोन फाइली दिल्या असता त्यांतील फरक कमीत कमी शब्दांत कसा सांगायचा? बेल प्रयोगशाळेच्या १९७६ सालच्या एका अहवालात जेम्स हंट आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी याची एक कार्यक्षम रीत मांडली. कल्पना फळ्यावर सहज समजावता येईल. पहिल्या फाइलीत क, च, ट, त, प अशा पाच ओळी आहेत. दुसरीत क, ट, न, त, प अशा आहेत. दोन्हींत त्याच क्रमाने सापडणारी सर्वांत लांब मालिका कोणती? क, ट, त, प. ती बाजूला काढली की उरलेला हिशेब सरळ आहे: 'च' काढली आणि 'न' घातली.

अशा फरकांचा हिशेब ठेवणारा पहिला महत्त्वाचा प्रोग्रॅम मार्क रॉचकाइंड यांनी बेल प्रयोगशाळेतच १९७२ साली लिहिला. पुढे १९८२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी दुसरा तयार केला. त्यात फाइलीचे सर्वांत नवे रूप पूर्ण ठेवत आणि जुन्या रूपांकडे परत नेणारे फरक तेवढे साठवत. सध्या सर्वाधिक प्रचारात असलेला प्रोग्रॅम म्हणजे गिट. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो एप्रिल २००५ मध्ये लिहिला. जगभरातील हजारो लोक लिनक्सवर काम करत होते. त्यांच्या बदलांचा हिशेब ज्या व्यापारी प्रोग्रॅमने ठेवला जाई, त्याच्या विनामूल्य वापराची सवलत त्या वर्षी बंद झाली. म्हणून टोरवाल्ड्स यांना स्वतःची सोय करावी लागली. जुलै २००५ पासून गिटची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली.

हजारो लोकांसाठी बनवलेला हा प्रोग्रॅम एकट्या माणसाच्या एका फोल्डरसाठीही तितकाच उपयोगी पडतो. तो विनामूल्य आहे, विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालतो, आणि एकदा संगणकावर बसवला की त्याला इंटरनेटची गरज लागत नाही.

ठशांची साखळी

गिटमध्ये आपण जेव्हा एखादी नोंद करतो, तेव्हा तो फोल्डरमधील आपण निवडलेल्या सर्व फाइलींचे त्या क्षणीचे चित्र जपून ठेवतो. मग जागा पटकन संपणार नाही का? नाही. कारण गिट प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढतो आणि तो मजकूर त्या ठशाच्या नावाने ठेवतो. मजकूर बदलला नसेल तर ठसाही तोच येतो, आणि एकदा ठेवलेली वस्तू पुन्हा ठेवावी लागत नाही. शिवाय मजकूर दाबून लहान केला जातो, आणि पुढे जुन्या वस्तूंचे गठ्ठे बांधताना केवळ फरक साठवूनही जागा वाचवली जाते.

हा ठसा काढण्यासाठी गिटने सुरुवातीपासून 'शा-१' नावाची रीत वापरली. तिच्यातून १६० बिटांची संख्या मिळते. ती ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे वापरून, म्हणजे षोडशमान पद्धतीने, चाळीस चिन्हांत लिहितात. अशा संख्या किती असू शकतात? त्यांची मोजदाद करणारी संख्याच ४९ अंकी आहे. दोन वेगळ्या मजकुरांना योगायोगाने एकच ठसा मिळण्याची शक्यता त्यामुळे नगण्य ठरते. ठसा केवळ मजकुरावर अवलंबून असतो. संगणक कोणाचा, गाव कोणते, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'शा-१' वापरणाऱ्या गिटमध्ये अगदी रिकाम्या फाइलीचा ठसा जगात कुठेही 'ई ६ ९ डी ई २ ९' या सात चिन्हांनीच सुरू होतो. वाचकांनी हे स्वतः करून पाहावे.

२०१७ साली ॲमस्टरडॅमची गणित-संशोधन संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी मुद्दाम, प्रचंड गणनशक्ती खर्चून, 'शा-१' प्रमाणे एकच ठसा येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या. त्यामुळे पुढे गिटमध्ये 'शा-२५६' या अधिक भक्कम रीतीचीही सोय करण्यात आली.

आता खरी गंमत पाहा. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असतात: फोल्डरच्या चित्राचा ठसा, नोंद करणाऱ्याचे नाव, तारीख-वेळ, आपण लिहिलेली टीप आणि आधीच्या नोंदीचा ठसा. या सगळ्यांवरून नव्या नोंदीचा स्वतःचा ठसा ठरतो. म्हणजे नोंदींची एक साखळीच तयार होते. मधल्या नोंदीतील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तिचा ठसा बदलतो आणि तिच्यानंतरच्या सर्व नोंदींचे ठसे बदलतात. इतिहास बदलणे गिटमध्ये अशक्य नाही, तशा आज्ञाही आहेत. पण ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला तो बदल लगेच उघड दिसतो. पान फाडले तर क्रमांक तुटतो, तसेच हे.

प्रत्यक्ष काम

गिटच्या मोजक्या आज्ञांवर बहुतेक काम भागते. त्या रोमन लिपीत टाइप करायच्या असतात. पहिल्यांदा वापरताना आपले नाव आणि ई-मेलचा पत्ता त्याला सांगून ठेवावा. मग आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट इनिट' ही आज्ञा द्यावी. त्या फोल्डरच्या पोटात एक लपलेले भांडार तयार होते. सगळा इतिहास तिथेच राहतो.

पुढचे काम दोन पायऱ्यांत चालते. 'गिट ॲड' या आज्ञेने कोणते बदल नोंदवायचे ते निवडायचे, आणि 'गिट कमिट' या आज्ञेने टीप लिहून नोंद पक्की करायची. निवडीची पायरी वेगळी ठेवण्यात शहाणपण आहे. समजा, आपण एका बैठकीत दोन कामे केली: आकड्यांतील टंकनाची चूक सुधारली आणि सरासरीची रीत बदलली. ही दोन वेगळ्या फाइलींतील कामे वेगवेगळ्या टिपांसह नोंदवता येतात.

मागचे पाहायचे असेल तर 'गिट लॉग' सर्व नोंदींची यादी देते. 'गिट डिफ' कोणत्याही दोन रूपांतील फरक दाखवते. 'गिट ब्लेम' फाइलीच्या प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची कोणी, कधी आणि कोणत्या नोंदीत बदलली ते मांडते. 'ब्लेम' म्हणजे दोष देणे. नाव जरा कठोर आहे, पण गावातील शिक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्हाला नेमके हेच हवे होते.

एखादी कल्पना करून पाहायची असेल तर गिटमध्ये मूळ कामाला एक फांदी फोडता येते. 'कोरड्या विहिरी तळाइतक्या खोल धरल्या तर' या फांदीवर आपण प्रयोग करावा. पटला तर फांदी मूळ खोडात मिसळावी, न पटला तर सोडून द्यावी. तोवर खोड जसेच्या तसे राहते, आणि 'नवी', 'खरी अंतिम' अशा नावांची गरजच उरत नाही.

यंत्र जे लिहीत नाही

गिट काय बदलले ते सांगतो. का बदलले, हे त्याला कळत नाही. ते टिपेत आपणच लिहायचे असते. 'दुरुस्ती केली' ही टीप असून नसल्यासारखी. 'कोरड्या विहिरी गाळल्यामुळे उन्हाळ्यातील सरासरी फसवी येत होती; आता विहिरीची पूर्ण खोली धरली आहे' ही टीप पाच वर्षांनीही बोलते. दिवसातून एकदा आठवणीने नोंद करण्यापेक्षा एक काम पुरे झाले की एक नोंद करावी, असा आमचा अनुभव आहे.

काही सावधगिरीही हवी. भांडार त्याच संगणकात असते. संगणक बिघडला तर फाइलींबरोबर इतिहासही जातो. म्हणून भांडाराची पूर्ण प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर ठेवावी. अनेक जण त्यासाठी गिटहबसारखी सेवा वापरतात. गिटहब २००८ साली सुरू झाले. ते गिटचे भांडार ठेवण्याची इंटरनेटवरील जागा आहे, गिट नव्हे.

ओळीओळीचा फरक साध्या मजकुराच्या फाइलीतच नीट दिसतो. वर्डच्या फाइली, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे गिट जपून ठेवतो. पण 'बदल झाला' यापलीकडे फारसे सांगू शकत नाही. म्हणून आकडे साध्या, स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्याच्या फाइलीत ठेवावेत. मोठ्या चित्रफिती भांडारात घालू नयेत, ते अवजड होते.

सर्वांत महत्त्वाचे असे की, गिट विसरत नाही. विद्यार्थ्यांचे पत्ते, आधार क्रमांक किंवा पासवर्ड असलेली फाइल एकदा नोंदवली आणि नंतर काढून टाकली, तरी ती जुन्या नोंदीत राहते. भांडार दुसऱ्याला दिले की तीही जाते. कोणत्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचे, त्यांची यादी गिटला आधीच देता येते. ती यादी पहिल्याच दिवशी करावी.

वर्गात करून पाहा

शाळेत संगणक नसला तरी यातील मुख्य कल्पना शिकवता येते. पाच विद्यार्थ्यांच्या गटाला शाळेतील पर्जन्यमापकाच्या किंवा तापमानाच्या महिनाभराच्या नोंदी द्याव्यात. प्रत्येकाने तक्त्यात एकच बदल करावा, तो वेगळ्या कागदावर तारीख, नाव आणि कारणासह लिहावा व कागद पुढच्याकडे द्यावा. दुसऱ्या गटाने हेच करावे, पण कागदावर काहीच न लिहिता. शेवटी दोन्ही गटांना मूळ तक्ता परत तयार करण्यास सांगावे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पाचा फोल्डर पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेवावा, आणि परीक्षकांनी अंतिम अहवालाबरोबर नोंदींची यादीही वाचावी. काम कसे झाले, कुठे चुकले आणि कसे सुधारले, ते तिथे दिसते.

आमच्या विहिरींच्या अभ्यासाची पहिली नोंद मुलांच्या वह्यांवरून नव्याने भरलेल्या आकड्यांची आहे. जुने अकरा प्रोग्रॅमही आम्ही अंदाजाने क्रम लावून भांडारात घातले, आणि 'हा क्रम खात्रीचा नाही' असे टिपेत लिहून ठेवले. नवा आलेख घेऊन आम्ही पुन्हा गावात गेलो. त्यात एप्रिलची रेघ स्पष्टपणे खाली उतरत होती. शिक्षकांनी विचारले, "कोरड्या विहिरी या वेळी कशा धरल्या?" आम्ही संगणक उघडून ती ओळ दाखवली. तिच्यासमोर नाव होते, तारीख होती. आणि ती ज्या नोंदीत बदलली तिची टीपही आम्हाला वाचून दाखवता आली.